काट्याची चाल

“काटा पडतो तवा तुमचा पाय कुठं असतो, मालक?”

सांगोल्यातलं पत्र्याच्या शेडखालचं गॅरेज. मिस्त्री गाडीपासून चार हात लांब, उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसले होते. बॉनेट बंदच होतं, पाना हातात घेतलेला नव्हता. मी एवढंच सांगितलं होतं, की स्पीडोमीटरचा काटा मध्येच शून्यावर येतो, पुन्हा आपोआप वर चढतो, आणि दुसऱ्या एका ठिकाणी ‘अख्खं मीटर बदलावं लागेल’ असं सांगितलंय. त्यावर मीटरबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते माझ्या उजव्या पायाबद्दल.

हा प्रश्न किती देखणा आहे, हे मला त्या वेळी उमगलं नाही. त्या दुपारी पुढं काय काय घडलं ते बघितल्यावर, आणि नंतर जुन्या-नव्या मीटरांचं पोट समजून घेतल्यावर तो मनात हळूहळू उलगडत गेला. बिघाड शोधणं म्हणजे दुरुस्तीआधीची कटकट, असं आपण धरून चालतो. पण दुरुस्ती पुष्कळदा अर्ध्या तासाची आणि हाताच्या सवयीची असते. बुद्धीची सगळी नजाकत शोधण्यात खर्च झालेली असते. ती नजाकत चाखावी, चार लोकांना चाखायला द्यावी, म्हणून हे लिहितो आहे.

सांगोल्यात रविवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथं खिलार खोंड घ्यायला आलेला जाणता शेतकरी आधी जबडा उघडून दात मोजत नाही. तो म्हणतो, जरा चालवून दाखवा. जनावर जाताना तो मागून बघतो, येताना समोरून बघतो. मागचं पाऊल कुठं पडतं, मान किती झुलते, वळताना भार कुठल्या खुरावर जातो, हे सगळं हात न लावता. दोन दाती की चार दाती ही चौकशी नंतरची. चालीत जी शंका दिसली, तीच फक्त हाताने पडताळायची. मिस्त्रींचा रिवाज हाच. काट्याच्या हालचालीला ते ‘चाल’च म्हणतात आणि चाल कळल्याशिवाय हत्यार उचलत नाहीत.

त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्याहून साधा होता. “पंढरपूरला जाऊन आलाय म्हणता. ट्रिपला किती भरलं?” मी आदल्याच दिवशी जाऊन आलो होतो आणि निघताना ट्रिपमीटर शून्यावर आणलं होतं. जाऊन-येऊन साठाच्या पुढं भरायला हवेत. आकडा होता बावन्न. मिस्त्रींनी मान हलवली आणि हाताखालच्या पोराला म्हणाले, “मीटर चांगलं हाय. खालनं येत न्हाई त्याला.”

या एका वाक्यापाशी थांबायला हवं. मीटरमध्ये काटा आणि किलोमीटरचे आकडे हे दोन साक्षीदार असतात आणि दोघांना खबर एकाच वाटेने येते. जुन्या मीटरमध्ये एकच दांडा फिरतो. त्याच्या टोकावरचं चुंबक काट्याला ओढतं आणि त्याच दांड्यावरून निघालेली दातेरी चाकं आकड्यांच्या चकत्या पुढं ढकलतात. नव्या मीटरमध्ये दांडा नसतो, तारेतून ठोके येतात. तेच ठोके मोजून काटाही हलतो आणि आकडेही. आता या दोघांच्या साक्षी जुळवून बघा. काटा मेला पण आकडे चालू आहेत, तर खबर नीट पोचते आहे आणि दुखणं मीटरच्या आत, काट्याच्या बाजूला आहे. आकडे गोठले पण काटा झुलतो आहे, तरी दुखणं आतच, मात्र आकड्यांच्या बाजूला. बहुधा प्लास्टिकच्या एखाद्या चाकाचा दात गेलेला. दोघेही एकदम गप्प झाले, तर मीटरला हात लावायचं कारणच उरत नाही. पंढरपूरच्या वाटेवर हरवलेले माझे ते दहाएक किलोमीटर म्हणजे काटा पडल्यावर आकडेही थांबत होते याचा लेखी पुरावा होता. एकही स्क्रू न काढता अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली, आणि तीही महागडी अर्धी.

जुन्या, केबलच्या गाड्यांत काट्याची चाल याहून बोलकी असते. अशा गाड्या सांगोल्याच्या वाड्या-वस्त्यांवर अजून भेटतात, म्हणून मिस्त्रींनी ती विद्या मोडीत काढलेली नाही. हळू वेगाला काटा थरथरतो आणि पन्नाशीच्या पुढं शांत होतो, ही एक चाल. केबल आत कोरडी पडली आहे किंवा कुठंतरी तिला मुडप बसली आहे. आतली तार अडखळते, स्वतःत पीळ साठवते आणि एकदम सोडून देते. त्या हिसक्यांनी काटा नाचतो. वेग वाढला की हिसके इतके दाट येतात की काट्याला त्यांच्या मागं धावणं जमत नाही, तो मधल्या जागी स्थिरावतो. म्हणजे काटा शांत झाला तरी केबल बरी झालेली नसते. थंडीच्या पहाटे डॅशबोर्डातून चिवचिव ऐकू येते आणि ऊन चढल्यावर थांबते, तीही कोरडेपणाचीच हाक. गाडी उभी राहिली तरी काटा दहावरच टेकून राहतो, तेव्हा काटा आपल्या दांडीवर सरकलेला असतो किंवा त्याला मागं ओढणारी स्प्रिंग दमलेली असते. आणि सगळ्यात नाट्यमय चाल म्हणजे तिसाच्या वेगाला काटा सरळ शेवटच्या आकड्यापर्यंत धावतो. तिचं कारण सांगण्याआधी मीटर उघडायला हवं.

मिस्त्रींच्या फळीवर एक उघडलेलं जुनं मीटर आहे, पोराला शिकवायला ठेवलेलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. दांड्याच्या टोकाला एक गोल चुंबक. त्यावर उपडी घातल्यासारखी पातळ ॲल्युमिनियमची वाटी. वाटीच्या दांडीवर काटा, आणि त्या दांडीला घड्याळात असते तशी केसाएवढी स्प्रिंग. बस्स, एवढंच. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठंही टेकत नाहीत. मध्ये बारीकशी फट. वाटीला चुंबक लावून बघा, चिकटणार नाही, कारण ॲल्युमिनियमला त्याचं आकर्षण नाही. पण तेच चुंबक फिरायला लागलं की वाटीच्या धातूत पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे विजेचे प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकत्व फिरत्या चुंबकाच्या मागं ओढ घेतं आणि वाटी वळते. फिरत्या तांब्याच्या तबकडीमागं चुंबकसुई वळते हे फ्रान्सच्या अरागोने १८२४ मध्ये दाखवलं, त्याचा उलगडा फॅरेडेने १८३१ मध्ये केला आणि १९०२ मध्ये ओटो शुल्झे यांनी या तत्त्वावरच्या वेगमापकाचं पेटंट जर्मनीत नोंदवलं. पुढं जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक मोटारी याच वाटीवर चालल्या.

त्या मीटरच्या तबकडीवरच्या रेघा बघा. वीस ते चाळीस जेवढं अंतर, ऐंशी ते शंभरही तेवढंच. ही समान अंतरं छापणाऱ्याच्या सोयीने आलेली नाहीत. चुंबकाचा वेग दुप्पट झाला की वाटीवरची ओढ दुप्पट होते. स्प्रिंगला दुप्पट पीळ दिला की तिचा विरोध दुप्पट होतो. दोन्ही बाजू सारख्याच हिशोबाने वाढतात, म्हणून काटाही सारखाच सरकतो. वाटी सतत ओढली जाते आणि पूर्ण फेरा कधीच घेत नाही. ओढ आणि विरोध जिथं तुल्यबळ होतात तिथं थबकते. काटा उभा असतो तो या थबकण्याच्या जागी. इतक्या थोड्या सामानातून इतकी सरळ रेघ निघावी, हे पाहिल्यावर मला तरी तबकडीकडं पूर्वीच्या नजरेने बघता येत नाही.

या मीटरमध्ये आणखी एक बारकावा लपलेला आहे, आणि सांगोल्याच्या माणसाला तो विशेष जवळचा वाटावा. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. विरोध वाढला की भोवरे मंदावतात आणि काटा कमी दाखवतो. मे महिन्यात बंद काचांनी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड आणि जानेवारीतली माण नदीकाठची पहाट यांत ४० अंशांचा फरक धरला, तर एकट्या उष्णतेपायी मीटर दहा-पंधरा टक्के खोटं बोलेल. तसं होत नाही. का? चुंबकाला चिकटून निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पातळ चकती असते, बघणाऱ्याला साधी वॉशर वाटेल अशी. थंडीत ती चुंबकाचा थोडा जोर स्वतःतून वळवून घेते. तापली की तिची ही धारणशक्ती कमी होते आणि वळवलेला जोर वाटीच्या वाट्याला परत येतो. उष्णतेने वाटी जेवढी दुबळी होते, तेवढंच चुंबक सबळ होतं. हलणारा भाग नाही, तार नाही, बॅटरी नाही. मिस्त्री त्या चकतीवर नख टेकवून म्हणाले, “ही काढून टाकतेत काही जण. वॉशर जादा दिसती म्हणून.” त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं.

आता त्या पळत्या काट्याचं कारण. केबलमधली तार पिळाची असते, एकावर एक उलट-सुलट थर देऊन वळलेली. कुणी हौसेने केबलमध्ये ग्रीस भरभरून कोंबलं, तर फिरणाऱ्या तारेचा पीळ मळसूत्रासारखं काम करतो आणि वंगण इंचाइंचाने वर चढवत मीटरच्या पोटात नेऊन सोडतो. ते चुंबक आणि वाटी यांच्यातल्या फटीत भरलं की वाटी मायेने ओढली जाण्याऐवजी चिखलात सापडल्यासारखी फरफटली जाते. काटा धावतो. म्हणून मिस्त्री तारेला हलका हात फिरवल्यासारखं वंगण देतात आणि मीटरकडची वरची वीतभर तार कोरडी सोडतात. वंगण वर चढताना तिला जेवढं लागेल तेवढं ती घेतेच. ही कोरडी वीत हातात धरून बघितली, तेव्हा मला मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा आठवला. तिथंही केसभर जागेवर सगळा नाद अवलंबून असतो.

केबल तपासायची त्यांची रीत तर बघत राहावी अशी. आतली तार बाहेर ओढून पुसायची. दोन टोकं दोन हातांच्या चिमटीत धरून मध्ये सैल झोळ सोडायचा, आणि एक टोक बोटांनी हळूहळू फिरवायचं. निरोगी तार झोळातल्या झोळात गुपचूप फिरते, झोळ जागचा हलत नाही. तारेला कुठं मुडप असेल तर झोळ एका ठिकाणी अडतो आणि पुढच्या क्षणाला टुणकन उसळी घेतो. डोळ्यांना न दिसणारी मुडप हातांना अशी कळते. मिस्त्री डोळे मिटून फिरवतात. मुडपलेली तार ते सरळ करून वापरत नाहीत. मुडपलेल्या तारेला ती मुडप पुन्हा आठवते, असं त्यांचं म्हणणं. नवी तार बसवली तरी केबलचा मार्ग बघतात, कारण वळण फार आवळलेलं असेल तर नवी तारही त्याच जागी मरणार. तारेची टोकं चौकोनी असतात. झिजून गोल झाली की टोक खाचेत नुसतंच फिरतं. ते पारखायला त्यांना नजरेचीही गरज नाही, अंगठ्याने कळतं. आणि मीटर चांगलं आहे का, हे बघायला त्यांनी तुटक्या केबलचा चारेक बोटांचा तुकडा जपून ठेवलाय. मीटरमागच्या खाचेत घालून बोटांनी भर्रकन फिरवला की काटा दचकून उठतो. जपानी घराण्याच्या गाड्यांत एका किलोमीटरला या तारेचे ६३७ फेरे होतात. म्हणजे ६० च्या वेगाला मिनिटाला ६३७. बोटांनी तेवढं जमत नाही, पण काटा उठला एवढी साक्ष पुरेशी असते.

हे झालं काट्याच्या अंगात आलेल्या दुखण्याचं. दुसरा प्रकार जास्त छुपा, कारण तिथं काटा अगदी रुबाबात चालतो, फक्त खोटं बोलतो. इथं मिस्त्री महामार्गावरचे दगड वापरतात. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड असतात आणि दोन दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले २०० मीटरचे छोटे दगड. ६० चा काटा स्थिर धरायचा आणि घड्याळ बघायचं. साठाला मिनिटाला एक किलोमीटर. हिशोब कोणालाही जमतो. मग तीच परीक्षा ४० ला आणि ८० ला. चाळीसला चार जास्त आणि ऐंशीला आठ जास्त दाखवत असेल, तर चूक टक्क्यांची आहे. दोन्हीकडे चारच जास्त असतील, तर काटा दांडीवर चार घरं सरकला आहे, बाकी सगळं ठीक. चूक टक्क्यांची निघाली तर पुन्हा त्या दोन साक्षीदारांकडं जायचं. दहा दगडांत आकडेही अकरा किलोमीटर भरतात का? भरत असतील तर काटा आणि आकडे एकाच खोट्या खबरीवर चालले आहेत. टायर बघा, केबल फिरवणाऱ्या पिनियनचे दात मोजा. आकडे बरोबर आणि काटाच चढा असेल, तर आतली स्प्रिंग किंवा चुंबक. दगड, घड्याळ आणि तीन वेग. एवढ्या सामानात चार निदानं वेगळी होतात. यापेक्षा मोजका राग मी ऐकलेला नाही.

टायरचा मुद्दा लोकांना खोटा वाटतो, म्हणून आकड्यात सांगतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल आणि टायर ६ मिलिमीटर झिजला, तर घेर २ टक्के कमी झाला. तेवढंच अंतर कापायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि मीटर २ टक्के जास्त सांगतं. यात धोका नाही. उलट हौसेने मोठे टायर घातले तर मीटर कमी सांगू लागतं, आणि ते मात्र वाईट. काट्याने पुढं असावं, मागं राहू नये, हे जगभर मानलं गेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे काट्याने खऱ्या वेगाहून कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. म्हणजे खरे ६० असताना काटा ७० पर्यंत गेला तरी तो नियमात आहे. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पीडोमीटरसाठी स्वतंत्र नियम आहे, ११७ क्रमांकाचा. मोबाइलमधला वेग आणि काटा जुळत नाही म्हणून मीटर बदलायला निघालेल्या कितीतरी जणांना मिस्त्रींनी असंच परत पाठवलं आहे.

आता माझी गाडी. तिच्यात केबल नाही. गिअरबॉक्सवर करंगळीएवढा सेन्सर बसवलेला आणि त्याला तीन तारा: एक करंटची, एक अर्थिंगची, एक खबरेची. आत हॉल यांच्या तत्त्वाचा तुकडा असतो. १८७९ मध्ये अमेरिकेत एडविन हॉल यांनी दाखवलं होतं की वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्यावर आडवं चुंबकक्षेत्र आणलं तर त्याच्या कडांमध्ये बारीकसा दाब निर्माण होतो. त्याच दाबाचे इथं ठोके होतात. दांड्याच्या एका फेऱ्याला चार ठोके धरले तर किलोमीटरला २५४८. पंढरपूरच्या वाटेवर माझे दहा किलोमीटर हरवले, म्हणजे पंचवीस हजार ठोके कुठंतरी वाटेत सांडले होते.

मिस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता आलं नव्हतं. ते म्हणाले, “ध्यानात आणा. सरळ चालीत पडतो का?” मी आठवत गेलो. मंगळवेढ्याच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या. त्यांना मागं टाकताना काटा पडायचा. एकदा-दोनदा वेग बघायला नेमकी तेव्हाच नजर गेली होती. ट्रॅक्टर मागं पडला, पाय सैल केला, की काटा वर. हे मी मोठ्याने बोललो आणि बोलता बोलताच मला उत्तर सापडलं: पाय दाबलेला असतो. मिस्त्री डब्यावरून उठले. त्या क्षणी त्यांचं निदान पुरं झालं होतं, हे मला नंतर कळलं.

इतर ठिकाणी काय झालं असतं ते सांगतो, म्हणजे या उठण्याची किंमत कळेल. स्कॅनर लावला असता. त्याने ‘पी-०५००’ असा कोड दाखवला असता, म्हणजे वेगाच्या सेन्सरच्या वाटेत बिघाड. पुष्कळ जण तो कोड वाचतात आणि सेन्सर बदलतात. पण कोड फक्त वाट सांगतो. त्या वाटेवर सेन्सर आहे, कपलर आहे, हातभर तारा आहेत, आणि शेतावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांचे दातही आहेत. मिस्त्रींकडं स्कॅनर आहे. तो त्यांनी लावलाही, कोडही तोच आला. त्यांनी पोराला दाखवला आणि म्हणाले, गाव कळलं, घर शोधायचंय.

घर शोधणं असं झालं. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, मागच्या चाकांना दगड लावले. कपलरच्या मागून मल्टिमीटरच्या सुया खबरेच्या तारेला टेकवल्या. बल्बचा टेस्टर त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा या नाजूक तारेतून ओढणं बरं नाही. पोराने चाक हाताने फिरवलं. आकडा वर-खाली, वर-खाली. ठोके नीट येत होते. सेन्सर निर्दोष. मीटरकडच्या टोकाला तपासलं, तिथंही ठोके. मीटर निर्दोष, तार निर्दोष. इथं बहुतेक जण गोंधळतात, कारण सगळंच निर्दोष आहे आणि काटा तर पडतो. मिस्त्री गोंधळले नाहीत. त्यांना ठाऊक होतं की गाडी उभी आहे, आणि दुखणं फक्त पाय दाबल्यावर उठतं.

त्यांनी चाक खाली सोडलं. गाडीत बसून हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवर दाबून धरला, पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हलकेच सोडला की इंजिनने ओढ घेतली पण गाडी जागची हलली नाही. “इंजिनकडं बघ, माझ्याकडं नको,” पोराला सांगितलं. मीही वाकलो. अख्खं इंजिन आपल्या जागेवर चांगलं चार बोटं झुकलं. क्लच दाबला, परत आलं. पुन्हा सोडला, पुन्हा झुकलं. ज्या रबरी माउंटिंगवर ते टेकलेलं असतं, त्यातलं एक फाटलं होतं. आणि गिअरबॉक्सवरून निघालेली ती तीन तारांची वेणी, इंजिन झुकलं की सारंगीच्या तारेसारखी ताणली जात होती.

पायाचा प्रश्न आता लख्ख झाला. पाय दाबला की इंजिन झुकतं, इंजिन झुकलं की वेणी ताणते, ताणली की आत कुठंतरी तुटलेली तांब्याची टोकं एकमेकांपासून केसभर दूर जातात, ठोके थांबतात, काटा पडतो. पाय सैल केला की टोकं पुन्हा भेटतात. पायापासून काट्यापर्यंतची ही सगळी साखळी त्यांनी डब्यावर बसून डोळ्यांपुढं आणली होती. बिघाड मीटरमध्ये दिसत होता, तुटला होता तारेत आणि जन्मला होता रबरात.

तीन तारांपैकी तुटलेली कुठली, हेही बघण्यासारखं. तिन्हींची प्लास्टिकची कातडी शाबूत, वरून काही कळत नाही. मिस्त्रींनी एकेक तार दोन चिमटीत धरून बोटभर अंतराने हळूच ताणली. तांबं शाबूत असेल तिथं तार ताठ लागते. तिसऱ्या तारेत कपलरपासून तीन बोटांवर कातडी रबरासारखी लांबली आणि बारीक झाली. आत तांबं नव्हतं. त्यांनी माझी बोटं तिथं नेऊन मला ते लांबणं जाणवू दिलं. हात शिकवणारा माणूस बोटांना बोटं देतो.

बाकीचं पटकन झालं. तुटका तुकडा कापून नवी तार सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, आणि वेणीला दोन बोटं सैल ठेवून जास्त ढिला होणार नाही असा बांध घातला. नवं माउंटिंग बसवलं. ते बसवलं नसतं तर जोडलेली तार चार महिन्यांत पुन्हा तुटली असती. मीटरला शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही.

अलीकडच्या गाड्यांत हा सेन्सरही गेला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आणि बऱ्याच गाड्यांत वेगाची खबर चाकांजवळच्या त्याच्याच सेन्सरांकडून येते. तिथं काटा पडताना एबीएसचा दिवाही लागतो. तो तिसरा साक्षीदार. काटा आणि दिवा एकदम बोलले तर मिस्त्री आधी चाकाच्या दातेरी कड्यावरचा गंज आणि साचलेला मुरूम बघतात. पद्धत तीच, फक्त साक्षीदार वाढला.

आणि जुन्या आकड्यांच्या चकत्यांबद्दलही सांगून टाकतो, कारण त्या नजरेआड व्हायच्या आत बघायला हव्यात. जुनी गाडी घेताना मिस्त्री किलोमीटर वाचण्याआधी आकड्यांची ओळ बघतात. कारखान्यातून आलेल्या चकत्या एका रेषेत, शिस्तीत उभ्या असतात. कुणी मागं फिरवल्या असतील तर डावीकडचा एखादा आकडा किंचित तिरका, किंचित वर राहतो. दहा हजारांच्या चकतीचा तो तिरकेपणा त्यांना गाडीच्या दारातूनच दिसतो.

संध्याकाळी आम्ही महामार्गावर गेलो. मिस्त्री शेजारच्या सीटवर, मांडीवर मनगटातलं घड्याळ काढून ठेवलेलं. काटा ६० वर धरला. एक पिवळा दगड गेला, त्यांनी वेळ वाचली. मग २, ४, ६, ८. पुढचा पिवळा दगड आला तेव्हा त्रेसष्ट सेकंद झाले होते. खरा वेग सत्तावन्नच्या आसपास, काटा जेमतेम तीनने पुढं. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या. मिस्त्रींनी हाताने खूण केली, घ्या. मी पाय दाबला. काटा सत्तरवर गेला, ऐंशीवर गेला, वेग वाढल्याच्या सूचनेची टिक वाजली, आणि तो तिथंच राहिला. मिस्त्रींनी घड्याळ मनगटाला बांधलं. “आता वळवा,” ते म्हणाले, “गॅरेजला एक गाडी उभी हाय.”